बॅटरी काढता येत नाही, तो लॅपटॉप कोणाचा?



आजचा विषय वाचून काहींना नवल वाटलं असेल. तत्त्वज्ञान शिकवण्यात हयात गेलेल्या माणसाने लॅपटॉपच्या बॅटरीवर कशाला बोलावं? कारण सांगतो. गेल्या नवतपात आमच्या लॅपटॉपचं झाकण लागेनासं झालं. टचपॅड एका बाजूने वर आला होता आणि टेबलावर ठेवलं की यंत्र डुगडुगत होतं. आम्हाला वाटलं, बिजागरी गेली असेल. दुकानातल्या मुलाने पाहिलं आणि म्हणाला, "सर, आधी चार्जर काढा. बॅटरी फुगली आहे."

पुढचं तुमच्यापैकी अनेकांनी अनुभवलं असेल. बॅटरी आत चिकटवलेली. इथे मिळत नाही, नागपूरला पाठवा. नागपूरहून निरोप आला की बॅटरी सुटी मिळत नाही, कीबोर्डसकट वरचा अख्खा भाग बदलावा लागेल. खर्च नव्या यंत्राच्या किमतीच्या जवळपास एक तृतीयांश, आणि थांबायचं तीन आठवडे. पडदा ठणठणीत होता, कळा ठणठणीत होत्या, आमचं वीस वर्षांचं टिपण आत सुरक्षित होतं. एकच भाग म्हातारा झाला होता, आणि तेवढाच बदलता येत नव्हता. त्या तीन आठवड्यांत आम्ही जे वाचलं आणि जो विचार केला, तो आज तुमच्यापुढे ठेवतो.

पहिला प्रश्न, बॅटरी म्हातारी का होते? लॅपटॉपमध्ये लिथियम-आयन बॅटरी असते. ती बाजारात आली १९९१ साली, आणि तिच्या शोधासाठी २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल तीन शास्त्रज्ञांना मिळालं. चार्ज होताना लिथियमचे आयन एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जातात, वापरताना परत येतात. दर फेरीत थोडंसं लिथियम वाटेतच अडकतं, आतल्या द्रवाची थोडी झीज होते. पूर्ण भरणं आणि पूर्ण रिकामं होणं याला एक चक्र म्हणू. साधारण ३०० ते ५०० चक्रांनंतर बॅटरीची धारणशक्ती लक्षात येण्याइतकी घटते. काही चांगल्या यंत्रांत हा आकडा १००० पर्यंत सांगितला जातो. म्हणजे रोज वापरणाऱ्याची बॅटरी दोन ते चार वर्षांत थकायला लागते. यात कोणाचा दोष नाही. तो त्या पदार्थाचा धर्म आहे.

पण बघा, बाकीचं यंत्र तसं नाही. पडदा, मेंदू, साठवण हे सगळं आठ-दहा वर्षं सहज चालतं. आता दहा वर्षं टिकणाऱ्या वस्तूत तीन वर्षं टिकणारा भाग कायमचा बंद करून टाकला, तर वस्तूचं आयुष्य किती झालं? तीन वर्षं. सगळ्या वादाचं मूळ या साध्या हिशेबात आहे.

आपल्या जुन्या लोकांना हे बरोबर कळत होतं. आपल्याकडची बंडी आठवा. चाकाची लोखंडी धाव झिजते, म्हणून धाव वेगळी चढवलेली. आरा मोडला तर आरा बदला, जू तडकलं तर जू बदला. बंडी तीच राहते. मिलिंदप्रश्नात भदंत नागसेन राजाला विचारतात, चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? नाही. रथ हे भागांच्या जुळणीला दिलेलं नाव आहे. आम्ही वर्गात हे उदाहरण अनात्मवाद समजवायला वापरायचो. आता वाटतं, त्यात सुताराचंही शहाणपण आहे. जे लवकर झिजणार, ते सुटं ठेवावं.

मग कंपन्या बॅटरी आत का कोंडतात? त्यांची बाजूही न्यायाने ऐकली पाहिजे. काढता येणारी बॅटरी म्हणजे तिला स्वतःचं कडक कवच हवं, अडकवायला खटका हवा, बसायला खण हवा. हे सगळं जागा खातं. आत बसवलेल्या बॅटरीचे सेल नुसत्या पातळ पिशवीत असतात, ते कोपऱ्याकोपऱ्यात पसरता येतात. त्यामुळे तेवढ्याच जागेत जास्त ऊर्जा मावते, यंत्र पातळ आणि हलकं होतं, सांगाडा मजबूत राहतो. २००८ साली ॲपलने मॅकबुक एअर आणला. तो कागदी पाकिटातून बाहेर काढून दाखवला, आणि त्याची बॅटरी वापरणाऱ्याला काढता येत नव्हती. २०१२ च्या मॅकबुक प्रोच्या एका नव्या प्रकारात तर ती गोंदाने चिकटवलेली होती. पातळपणाची चटक लागली आणि बाकीचेही त्याच वाटेने गेले. खांद्यावर ओझं वाहणाऱ्याला हलकं यंत्र आवडणारच. आम्हालाही आवडलं होतं.

इथे एक भेद नीट लक्षात ठेवा. बॅटरी आत असणं वेगळं आणि ती चिकटवलेली असणं वेगळं. आज अनेक पातळ लॅपटॉपमध्ये बॅटरी आत असते खरी, पण खालचं झाकण काढलं आणि चार-सहा स्क्रू सोडवले की निघते. म्हणजे पातळ हवं तर गोंद लागतोच, हे काही खरं नाही. आमचं भांडण पातळपणाशी नाही. दार ठेवलं पाहिजे, एवढंच आमचं म्हणणं आहे.

आता हे तोटे आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत आणून बघू. कारण वस्तू बनवणारा ज्या हवेची कल्पना करतो, ती आपली हवा नाही.

पहिली गोष्ट उष्णता. यंत्रासोबतच्या पुस्तिकेत बहुधा लिहिलेलं असतं, ३५ अंशांपर्यंतच्या तापमानात वापरा. २०१९ च्या मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४८ च्या आसपास गेला होता. आपल्याकडे ३५ अंश म्हणजे मे महिन्यातला दिलासा! रसायनशास्त्राचा ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो. बॅटरीची झीज हीसुद्धा रासायनिक क्रियाच आहे. पूर्ण भरलेली बॅटरी पंचविशीच्या हवेत वर्षभर ठेवली तर तिची सुमारे ८० टक्के धारणशक्ती उरते. चाळिशीच्या हवेत ठेवली तर सुमारे ६५. म्हणजे जिथे बॅटरी बदलायची गरज सर्वांत जास्त, तिथेच ती बदलणं सर्वांत अवघड. हा उलटा न्याय झाला.

दुसरी गोष्ट अंतर. चंद्रपूरहून नागपूर दीडशे किलोमीटर. भामरागडहून धराल तर तीनशेच्या वर. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद, हे आपण वर्षानुवर्षं वाचत आलो आहोत. पुण्या-मुंबईच्या माणसाला "सर्व्हिस सेंटरला द्या" म्हणजे संध्याकाळची एक फेरी. इथे ती दोन दिवसांची मजुरी आणि एस.टी.चं भाडं. बरं, बॅटरी मागवावी तर तीही सहज येत नाही. सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या प्रवासी विमानातून माल म्हणून नेण्यावर २०१६ पासून आंतरराष्ट्रीय बंदी आहे, आगीच्या धोक्यामुळे. ती योग्यच आहे. पण त्यामुळे पार्सल रस्त्याने, आपल्या गतीने येतं.

तिसरी गोष्ट वीज. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट. राख आपल्याकडे, आणि आतल्या गावांत एका वादळात दोन-दोन दिवस अंधार. जुन्या लॅपटॉपला दोन बॅटऱ्या घेता यायच्या. एक यंत्रात, एक पिशवीत. तालुक्याला आलं की दोन्ही भरून घ्यायच्या. बॅटरी पार मेली तरी ती काढून यंत्र थेट विजेवर चालायचं. आणि पावसाचं पाणी आत गेलं, तर खटका दाबून बॅटरी बाजूला करायची, वीज तिथल्या तिथे तुटायची. चिकटवलेल्या बॅटरीत यातलं काहीच हाती राहत नाही. पाणी गेलं तर बंदचं बटण दाबायचं आणि देवाचं नाव घ्यायचं.

समजा, एक ग्रामसभा आहे. आपल्या भागात अनेक ग्रामसभा आता तेंदूपत्त्याचा लिलाव स्वतः करतात. कोणी किती पुडे दिले, कोणाला किती रक्कम द्यायची, हा सगळा हिशेब गावातलीच एखादी मुलगी लॅपटॉपवर ठेवते. तेंदूचा हंगाम नेमका एप्रिल-मे मध्ये, म्हणजे ऐन उन्हात. तिची बॅटरी त्या दिवसांत फुगली, तर बिघाड एका यंत्राचा, पण हिशेब अख्ख्या गावाच्या वर्षभराच्या कमाईचा अडकतो. म्हणून आम्ही म्हणतो, हा श्रीमंतांच्या हौसेचा प्रश्न नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. मालकी म्हणजे काय? रोमन कायद्याच्या परंपरेत मालकीचे तीन पदर सांगतात. वस्तू वापरण्याचा हक्क, तिचं फळ घेण्याचा हक्क, आणि तिची विल्हेवाट लावण्याचा हक्क. यात दुरुस्तीचा हक्क वेगळा सांगितलेला नाही. आम्हाला वाटतं, तो इतका उघड होता की कोणाला मोजावासाच वाटला नाही. स्वतःचा नांगर उघडायला परवानगी कोण मागेल? आज मात्र पावती आपल्या नावाची, आणि उघडण्याची सोय दुसऱ्याच्या हाती.

याचा अर्थ गडचिरोलीच्या माणसाला समजावून सांगावा लागू नये. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ साली वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. कागद हाती आला. पण बांबू तोडून विकायचा तर वाहतूक परवाना लागतो, आणि तो देणं वनविभागाच्या हातात होतं. २०११ च्या एप्रिलमध्ये परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं, तेव्हा कुठे हक्काला अर्थ आला. मधली दोन वर्षं गाव जंगलाचं मालक होतं का? कागदावर होतं. जंगल आणि लॅपटॉप यांची बरोबरी करण्याचा वेडेपणा आम्ही करत नाही. पण तत्त्व एकच आहे. ज्या हक्काची किल्ली दुसऱ्याकडे, तो हक्क अर्धाच.

जगात याची जाणीव वाढते आहे. युरोपीय संघाने २०२३ साली बॅटऱ्यांचा नवा कायदा केला. त्यानुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून, काही अपवाद सोडता, उपकरणांतल्या लहान बॅटऱ्या वापरणाऱ्याला स्वतः काढता आल्या पाहिजेत, तेही बाजारात मिळणाऱ्या साध्या अवजारांनी. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी एक पोर्टलही सुरू केलं. २०२२ च्याच बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. पण गंमत बघा, जी बॅटरी निघतच नाही ती वेगळी गोळा कशी होणार? अख्खं यंत्रच भंगारात जातं. भंगारवाला हातोडी मारतो, आणि सेल फुटला की आग लागते.

तोपर्यंत आपण काय करायचं? लॅपटॉप घेताना दुकानदाराला तीन प्रश्न विचारा. बॅटरी स्क्रूने बसवली आहे की गोंदाने? ती सुटी मिळते का? आणि तिची किंमत किती? उत्तर देता आलं नाही, तर तेही एक उत्तरच आहे. यंत्रात चार्ज ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असेल तर ती चालू ठेवा. उन्हात उभ्या गाडीत लॅपटॉप ठेवू नका, गादीवर ठेवून चार्ज करू नका. आणि झाकण लागेना झालं, तर आमच्यासारखं दाबून बघू नका! फुगलेल्या बॅटरीला दाबायचं नाही, टोचायचं नाही, घरच्या कचऱ्यात टाकायचं नाही.

आमचं यंत्र शेवटी परत आलं. वरचा अख्खा भाग नवा, कळासुद्धा नव्या. चांगल्या चालणाऱ्या जुन्या कळा कुठे गेल्या, हे आम्ही विचारलं. उत्तर मिळालं नाही. बॅटरी पुन्हा गोंदानेच चिकटवलेली आहे, आणि पुढचा नवतपा काही फार लांब नाही.

तुमच्या शंका असतील तर जरूर विचारा.