दृष्टीचा जमाखर्च

दुकानाच्या गल्ल्यातील रक्कम दररोज रात्री मोजली जाते. पै-पैचा मेळ बसल्याशिवाय वही मिटली जात नाही. मात्र त्या वहीतील आकडे ज्या डोळ्यांनी वाचले जातात, त्यांचा हिशेब वर्षानुवर्षे पाहिला जात नाही. अक्षरे पुसट दिसू लागली की दिवा जवळ ओढला जातो, वही थोडी लांब धरली जाते आणि वेळ निभावून नेली जाते.

चाळिशीच्या सुमारास डोळ्यातील नैसर्गिक भिंगाची लवचिकता कमी होते व जवळचे वाचणे कठीण जाते. हे स्वाभाविकच आहे. म्हणूनच त्या चष्म्याला मराठीत ‘चाळिशी’ असे नाव पडले. परंतु पुष्कळदा तयार चष्मा विकत आणून काम भागवले जाते आणि तपासणी राहून जाते. वास्तविक त्या निमित्ताने डोळ्यातील दाब व आतील पडदा तपासून घेणे अधिक मोलाचे असते.

याचे कारण काचबिंदू. त्याचा नेहमी आढळणारा प्रकार दुखत नाही, डोळा लालही होत नाही. बाजूची दृष्टी हळूहळू आक्रसत जाते. समोरचे स्पष्ट दिसत असल्याने शंकाही येत नाही. मोतीबिंदूमुळे मंदावलेली दृष्टी शस्त्रक्रियेने बहुधा परत मिळते. काचबिंदूने नेलेली मिळत नाही. व्यापारी भाषेत सांगायचे तर पहिली उशिरा वसूल होणारी उधारी, दुसरी कायमची बुडीत. वेळीच औषध सुरू झाले, तर उरलेली दृष्टी बहुतेकदा राखता येते. आई-वडील वा भावंडांपैकी एकास हा विकार असल्यास इतरांनाही धोका अधिक असतो. त्यामुळे निदान लपवून न ठेवता ते घरातील सर्वांना सांगणे हे कर्तव्यच ठरते.

मधुमेहाचेही तसेच आहे. पडद्यावरील सूक्ष्म रक्तवाहिन्या बिघडू लागल्या, तरी आरंभी दृष्टीत फरक जाणवत नाही. म्हणून मधुमेही व्यक्तीने वर्षातून एकदा, बाहुली मोठी करून पडद्याची तपासणी करून घ्यावी. औषध घातल्यावर काही तास अंधूक दिसते, या कारणास्तव अनेक दुकानदार ती पुढे ढकलतात. बाजाराच्या साप्ताहिक सुट्टीचा दिवस ठरवला आणि गाडी चालवण्यास सोबत कोणी घेतले, म्हणजे ही अडचण उरत नाही.

दैनंदिन सवयी तर अगदी साध्या आहेत. संगणक वा मोबाइलकडे टक लावून पाहताना पापण्यांची उघडझाप मंदावते व डोळे कोरडे पडतात. दर 20 मिनिटांनी, 20 सेकंद, 20 फुटांवरील वस्तूकडे पाहावे. दुकानात बसणाऱ्यास रस्त्यापलीकडची पाटी पुरेशी आहे. पंख्याचा वा वातानुकूलन यंत्राचा झोत थेट चेहऱ्यावर घेऊ नये. मुलांनी रोज सुमारे दोन तास उघड्यावर, दिवसाच्या उजेडात खेळल्यास लघुदृष्टीचा दोष जडण्याची शक्यता कमी होते.

आहाराविषयी एक शंका जैन घरांत नेहमी विचारली जाते: कंदमुळे वर्ज्य असल्याने गाजर चालत नाही, मग डोळ्यांचे पोषण कसे व्हावे? गाजराचा गुण गाजरापुरताच नाही. पिकलेली पपई, आंबा, लाल भोपळा, दूध व तूप यांतूनही ‘अ’ जीवनसत्त्व मिळते. चातुर्मासात पालेभाज्या वर्ज्य असल्या, तरी इतर महिन्यांत मेथी, पालक व शेवग्याचा पाला ताटात असावा.

मागच्या वेळी उरलेले थेंब औषधाच्या दुकानी दाखवून पुन्हा आणण्याची सवय मात्र घातक आहे. त्यांत स्टेरॉइड असल्यास दीर्घ वापराने डोळ्यातील दाब वाढतो आणि मोतीबिंदूही होऊ शकतो. काही काजळ-सुरम्यांत शिसे आढळते. मध वा गुलाबपाणी डोळ्यांत घालण्यानेही हित होत नाही.

दिवाळीत वहीपूजन होते व नवी वही उघडली जाते. तिच्या पहिल्या पानाच्या मागे घरातील प्रत्येकाचे नाव आणि त्याच्या नेत्रतपासणीची तारीख लिहून ठेवावी. पुढील दिवाळीस ते पान पाहिले, की कोणाची तपासणी थकली आहे ते लगेच कळेल.