साथीचे दिवस आणि प्रेमकथांचे वाचन

कादंबऱ्यांच्या वाचनाने घरातील मुलीसुना बिघडतात, हा आक्षेप मराठी कादंबरीच्या जन्माइतकाच जुना आहे. आक्षेप घेणारे बदलले, कादंबऱ्या बदलल्या, हातातील पुस्तकाची जागा पुष्कळ घरांत मोबाइलच्या पडद्याने घेतली. परंतु आक्षेप मात्र पिढीजात दागिन्याप्रमाणे एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जसाच्या तसा येत राहिला आहे. अलीकडे त्यास एक नवे निमित्त मिळाले. सन २०२० व २०२१ या दोन सालांत कोरोनाच्या साथीने सारे जग घरात कोंडले गेले. त्या कोंडलेल्या दिवसांची पार्श्वभूमी घेऊन ज्या प्रेमकथा लिहिल्या गेल्या, त्या आपल्याही घरांतून वाचल्या जातात. ‘ज्या दिवसांत माणसे प्राणवायूवाचून तडफडून मेली, त्या दिवसांच्या प्रेमकथा कसल्या वाचता?’ असे वडील माणसे विचारतात. प्रश्न रास्त आहे. झिडकारून टाकण्यासारखा खास नाही. म्हणूनच त्याचा थोडा शांतपणे विचार करावा असे वाटते.

पहिली गोष्ट ही की, साथ आणि प्रेमकथा यांची सोयरीक कालपरवाची नव्हे. इ. स. १३४८ मध्ये इटलीतील फ्लॉरेन्स शहर प्लेगने उजाड होत असता सात तरुणी व तीन तरुण शहर सोडून बाहेरील वाड्यांत जाऊन राहतात आणि दहा दिवसांत एकमेकांस शंभर गोष्टी सांगतात, अशी योजना करून बोकाचियोने आपला ‘डेकॅमेरॉन’ हा ग्रंथ रचला. शेक्सपियरच्या ‘रोमिओ आणि ज्यूलिएट’ या नाटकाचा शेवट दुःखान्त का झाला, असे वर्गात विचारले, तर मुले ‘दोन घराण्यांच्या वैरामुळे’ असे उत्तर देतात. ते खरे आहे, पण पुरते खरे नाही. ज्यूलिएटचे मरण खोटे आहे हे कळविणारे पत्र ज्या साधूजवळ दिलेले असते, तो प्लेगच्या संशयावरून एका घरात कोंडला जातो. दारे बाहेरून बंद होतात आणि पत्र रोमिओस पोहोचतच नाही. वैराने लावलेली आग विझण्याचा संभव होता. तो टाळेबंदीने नाहीसा केला.

या परंपरेतील मला सर्वांत थोर वाटणारी कथा मान्झोनी या इटालियन ग्रंथकाराची. तिच्या नावाचा अर्थ ‘वाग्दत्त वधूवर’ असा आहे. ती प्रथम १८२७ साली प्रसिद्ध झाली व पुढे लेखकाने तिची भाषा पुन्हा घासूनपुसून १८४० ते १८४२ मध्ये नवी आवृत्ती काढली. रेंझो आणि लुचिया या खेड्यातील साध्या जोडप्याचे लग्न एक दांडगा सरदार मोडतो. दोघांची ताटातूट होते. आणि १६३० च्या मिलानमधील प्लेगात, रोग्यांनी गच्च भरलेल्या छावणीत त्यांची पुन्हा गाठ पडते. परंतु तिला भेटण्यापूर्वी रेंझोस एक काम करावे लागते. ज्याने त्याचा संसार मांडण्याआधीच उधळला, तो सरदार त्याच छावणीत मरणाच्या दारी पडलेला असतो. त्याला क्षमा केल्यावरच रेंझोचे पाऊल पुढे पडते. येथे साथ हा केवळ रंगभूमीच्या मागील पडदा नाही. तिने नायकाचे मन बदलले आहे.

आपल्या देशातील उदाहरण हवे असेल तर शरच्चंद्र चट्टोपाध्यायांचा ‘श्रीकांत’ घ्यावा. मामा वरेरकरांच्या भाषांतरांनी शरद्बाबू मराठी घरांत घरच्यासारखे झाले. ‘श्रीकांत’च्या दुसऱ्या भागात रंगूनला जाणाऱ्या गरीब उतारूंना सोसाव्या लागणाऱ्या क्वारंटीनचे चित्र आहे, आणि पुढे त्या शहरात प्लेग असता अंगात ताप घेऊन आलेल्या श्रीकांतास अभया आपल्या घरात घेते. दार उघडणे ही एवढीच क्रिया. पण त्या दिवसांत तिच्याहून मोठी प्रेमाची क्रिया कोणती असू शकेल? शरद्बाबूंनी हे ऐकीव लिहिले नव्हते. रंगूनच्या प्लेगात त्यांची स्वतःची पत्नी व तान्हे मूल गेले होते.

आता आपल्या साहित्यशास्त्राकडे वळू. शृंगाराचे संभोग आणि विप्रलंभ असे दोन भेद आपण शाळेत शिकलो. त्यांपैकी विप्रलंभाचे साहित्यदर्पणकार विश्वनाथाने पूर्वराग, मान, प्रवास आणि करुण असे चार प्रकार केले आहेत. कालिदासाचा यक्ष हा प्रवासविप्रलंभाचा आदर्श. एक वर्षाची शिक्षा, त्यातील चार महिने उरलेले, आणि मध्ये पसरलेला सारा देश. टाळेबंदीतील विरहाचा यांत समावेश कोठे करावा? प्रवास म्हणावा, तर कोणीही कोठे गेलेले नाही. मान म्हणावा, तर कोणी कोणावर रुसलेले नाही. पती रुग्णालयाच्या एका मजल्यावर, पत्नी त्याच गावात घरी. अंतर दोन मैलांचे, पण ते यक्षाच्या अंतराहून दुस्तर. आपल्या बोलीत ‘चार हात दूर राहणे’ असा वाक्प्रचार आहे. दीड फुटाचा एक हात धरला, तर चार हात म्हणजे सहा फूट. सरकारने ‘दो गज’ म्हणून जे अंतर नेमून दिले ते हेच. भाषेतील एक अलंकार अशा रीतीने २०२० साली कायद्याचे माप होऊन बसला.

या काळच्या नव्या कथांचे ढोबळ मानाने दोन वर्ग पडतात. पहिला ताटातुटीचा, दुसरा अति-सहवासाचा. पहिल्याचे उदाहरण म्हणून जोडी पिकोल्ट या अमेरिकन लेखिकेच्या २०२१ मधील एका कादंबरीचा उल्लेख करता येईल. तिची नायिका गॅलापागोस बेटांत अडकलेली, तर तिचा प्रियकर न्यूयॉर्कच्या रुग्णालयात रोग्यांच्या गर्दीत राबणारा डॉक्टर. दुसऱ्या वर्गात घराच्या चार भिंतींत सापडलेली जोडपी येतात. महाराष्ट्रकन्या शोभा डे यांनी २०२० सालीच टाळेबंदीतील स्त्रीपुरुषसंबंधांवर इंग्रजीत लघुकथांचा संग्रह काढला. त्यात अशी माणसे भेटतात. ‘प्रतिलिपी’सारख्या ठिकाणी मराठीतही हौशी लेखक-लेखिका अशा कथा लिहितात. अतिपरिचयाने अवज्ञा होते, हे आपण पाठ केलेले असते; पण पतिपत्नींना अहोरात्र एकत्र कोंडले असता त्या अवज्ञेचे काय होते, हा प्रश्न या कथांनी खरोखरीच विचारला आहे. भवभूतीने ‘उत्तररामचरिता’च्या पहिल्या अंकात ज्या मुरलेल्या दांपत्यप्रेमाची थोरवी गायिली, ते प्रेम कोणत्या घरी होते आणि कोणत्या घरी त्याचा केवळ समज होता, याची परीक्षा त्या महिन्यांनी घेतली.

असे असूनही या कथांतील बहुतेक मला फिक्या वाटतात. त्याचे कारण मी ज्या गावात राहतो, त्या गावात आहे.

टाळेबंदी २५ मार्च २०२० रोजी सुरू झाली. तो गुढीपाडव्याचा दिवस होता. भिवंडी हे यंत्रमागांचे गाव. रात्रंदिवस चालणारा तो खडखडाट येथील माणसाच्या कानास इतका सरावलेला असतो की, तो थांबला तर झोप मोडावी. त्या पाडव्याला गुढ्या उभारल्या गेल्या आणि माग निपचित पडले होते. मागांवर काम करणारे बहुतेक मजूर उत्तरेकडील प्रांतांतून आलेले. एका खोलीत पाळीपाळीने राहणारे. एकाने कामावरून येऊन निजावे, तर दुसऱ्याने उठून कामावर जावे. माग बंद झाले तशी मजुरी बंद झाली. महिन्याच्या हिशेबाने जेथे जेवण मिळते त्या भिश्यांच्या चुली थंडावल्या. आणि जी खोली पाळीने वापरावयाची, तीत सारे एकदम कोंडले गेले. कित्येक जण नाशिकच्या रस्त्याने पायीच निघाले. मे महिन्याच्या आरंभी भिवंडी रोड स्थानकावरून गोरखपूरकडे श्रमिकांची खास गाडी सुटली. त्या गाडीतील प्रत्येकाच्या गावी कोणी तरी वाट पाहत होते. कालिदासाचा यक्ष आमच्या गावातून शेकड्यांनी गेला. पण त्याजवर कोणी ‘मेघदूत’ लिहिले नाही. प्रेमकथा लिहिली गेली ती सज्ज्यांत उभे राहून समोरच्या सज्ज्यांतील व्यक्तीकडे पाहणाऱ्यांची.

माझी पुतणी या कथांची मोठी वाचक. तिचा विवाह २०२० च्या वैशाखात ठरला होता. तो पुढे ढकलावा लागला आणि मार्गशीर्षात पन्नास माणसांत झाला. मधल्या महिन्यांत ती अशा कथा भराभर वाचीत असे आणि घरातील वडील मंडळी कुरकुरत असत. एके दिवशी मी तिला विचारले, “काय गं, इतके काय असते त्यांत?” ती म्हणाली, “काका, सगळे असते. फक्त या गोष्टींत कोणी आजारी पडत नाही.” या मुलीने एका वाक्यात जी टीका केली, ती मला चार पाने लिहूनही साधली नसती.

पुढे एप्रिल २०२१ मध्ये माझे थोरले बंधू, म्हणजे तिचे वडील, याच रोगाने गेले. अकरा दिवस ते ठाण्याच्या रुग्णालयात होते. वहिनींना एकदाही भेटता आले नाही. एका परिचारिकेने दोनदा मोबाइल त्यांच्या तोंडापुढे धरला, एवढेच दर्शन. त्यानंतर आमच्या घरात त्या अकरा दिवसांचा विषय कोणी काढीत नसे. एकत्र कुटुंबात बोलणे पुष्कळ होते. पण ज्याने सर्वांनाच रडू येईल, ते बोलणे जो तो दुसऱ्याच्या काळजीने टाळतो. दोन वर्षांनी एका संध्याकाळी धाकट्या सुनेने वहिनींना एक कथा वाचून दाखविली. कथा साधारणच होती. म्हातारा नवरा रुग्णालयात आहे आणि बायको रोज डब्याबरोबर एक चिठ्ठी पाठविते, एवढेच कथानक. कथा संपल्यावर वहिनी म्हणाल्या, “भावोजी, मला चिठ्ठीचे सुचलेच नाही. त्यांना चष्मा दिला होता ना बरोबर?” चष्मा दिलेला होता. मग त्या रात्री उशिरापर्यंत त्या बोलत राहिल्या. काय काय द्यावयाचे राहिले, काय सांगावयाचे होते, हे आम्ही प्रथमच ऐकले. आणि पुतणीलाही तिचे ते दिवस फोनवरून आईला सांगता आले.

वडील मंडळींच्या प्रश्नाला माझे उत्तर या प्रसंगातून आले आहे. मरणाच्या दिवसांच्या प्रेमकथा वाचणे हा मृतांचा उपमर्द नव्हे. कारण त्या दिवसांत जे मेले, ते कोणाचे तरी प्रिय होते. त्यांना आकड्यांत मोजणारे वृत्तान्त पुष्कळ झाले. पत्नी, कन्या, वाग्दत्त वर, माता यांच्या नात्याने त्यांना मोजण्याचे काम कथेचेच आहे.

मात्र याचा अर्थ हाती येईल ते वाचावे असा नाही. निवड करण्यासाठी मी घरातील मुलांना तीन प्रश्न सांगितले आहेत. पहिला : कथेतील साथ खरी आहे काय? म्हणजे ती काढून तिच्या जागी मुसळधार पाऊस घातला, तर कथा तशीच राहते काय? राहत असेल, तर लेखकाने परक्याचे दुःख केवळ सोयीसाठी वापरले आहे. दुसरा : त्या बंद घरात भांडी कोण घासते, म्हाताऱ्यांचे औषध कोण देते? कामवाली बाई येईनाशी झाल्यावर ज्याने हाती केरसुणी घेतली, त्या नवऱ्याचे प्रेम सज्ज्यातल्या गाण्यांहून अधिक वाचनीय. तिसरा : त्या घराची खिडकी रस्त्याच्या बाजूस उघडते काय? शेजारून चालत जाणारा मजूर नायक-नायिकेस दिसतो काय? येथे २०२० साली शांतिनगरातील एका मशिदीत रोग्यांसाठी प्राणवायूची व्यवस्था केली गेली. जिच्यातील माणसांना असे काहीच दिसत नाही, ती कथा भिवंडीत तरी खोटी ठरेल.

घरातील वडील मंडळींस एक विनंती. मुलीसुनांच्या हातातील पुस्तक वा मोबाइल हिसकावून घेण्यापूर्वी त्यांतील एक कथा त्यांच्याकडूनच मोठ्याने वाचून घ्यावी. कीर्तन-पुराण ऐकण्याची आपल्या घरांची सवय अजून अगदीच मोडलेली नाही. कथा टाकाऊ असेल, तर चारचौघांत वाचताना तिचे पितळ आपोआप उघडे पडेल. चांगली असेल, तर ती संपल्यावर कोणी तरी काही तरी बोलेल. त्या वेळी मध्ये न बोलता ऐकावे.