जुन्या मोटारीची चामडी आसने

कुर्ल्यात तयार झालेल्या प्रीमियर पद्मिनी मोटारीची आसने बहुधा रेक्झिनची, म्हणजे कापडावर प्लास्टिकचा थर चढवलेली असत. त्यामुळे दुरुस्तीपूर्वी आच्छादनाची उलटी बाजू पाहावी, कारण तेथे विणलेले कापड दिसल्यास ते रेक्झिन आणि मऊ तंतू दिसल्यास चामडे समजावे.

मोटारीचे चामडे सहसा क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले असते, तर कोल्हापुरी चपलेचे बाभळीची साल व हिरडा यांनी. शिवाय आसनावर रंगाचा व त्यावर पारदर्शक संरक्षक लेप असतो, आणि घर्षण, घाम व ऊन यांनी प्रथम झिजतो तो हा लेप.

घरोघरी सुचवला जाणारा खोबरेल तेलाचा उपाय येथे निरुपयोगीच नव्हे तर घातक ठरतो, कारण शाबूत लेपातून तेल आत मुरत नाही, पृष्ठभाग चिकट राहतो, पुढे रंग धरत नाही आणि पावसाळ्यात बुरशीचे फावते.

सौम्य साबणाने मळ व आयसोप्रोपिल अल्कोहोलने तेलकटपणा काढून, बारीक पॉलिशपेपरने खरबरीत कडा सपाट कराव्यात. भेगांत लवचीक भरणद्रव्य पातळ थरांनी भरून, पाण्यात मिसळणारा चामड्याचा रंग स्पंजने अनेक विरळ हातांत द्यावा आणि शेवटी संरक्षक लेप चढवावा.

बुटाचे पॉलिश मात्र टाळावे. ते आसनापेक्षा विजारीलाच अधिक रंगवते.

उसवलेली शिवण रंगापूर्वीच शिवून घ्यावी. आरपार फाटलेल्या भागास आतून कापडी ठिगळ लागते.