उन्हाने छापलेली पानं : सायनोटाइपची ओळख

पालेगावात आता नवीन इमारतीच इमारती दिसतात. बांधकामाचा नकाशा म्हटलं की आपण ‘ब्ल्यूप्रिंट’ म्हणतो. हा शब्द ज्या निळ्या छपाईवरून आला, तिचंच नाव सायनोटाइप. एकेकाळी नकाशांच्या प्रती अशाच काढत. आज त्याच पद्धतीने आपण मोकळ्या प्लॉटवरची रानझाडं छापणार आहोत.

जॉन हर्शेल या इंग्लिश शास्त्रज्ञाने 1842 मध्ये ही पद्धत शोधली. पुढच्याच वर्षी ॲना ॲटकिन्स यांनी समुद्री शेवाळांचे असे ठसे घेऊन पुस्तक काढायला सुरुवात केली. छायाचित्रांचं पहिलं पुस्तक म्हणून ते ओळखलं जातं. शेवाळाचे बारीक तंतू हाताने काढणं अवघड. इथे वनस्पती स्वतःच आपला ठसा उमटवते, तोही खऱ्या मापाचा.

आता कृती. 100 मिली पाण्यात 25 ग्रॅम हिरवं फेरिक अमोनियम सायट्रेट आणि दुसऱ्या 100 मिलीत 10 ग्रॅम पोटॅशियम फेरीसायनाइड विरघळवा. दोन्ही गडद बाटल्यांत वेगळं ठेवा. लागेल तेव्हाच समप्रमाणात मिसळा, मंद उजेडात ब्रशने लावा आणि अंधारात वाळवा. कागद जाड, जलरंगाचा घ्या. कापड सुती हवं. मांजरपाट चालेल, पण आधी दोनदा धुऊन त्याची खळ काढा, नाहीतर रंग धरत नाही.

वर पान ठेवा, काच दाबा, ऊन दाखवा. उन्हातल्या अतिनील किरणांनी फेरिक लोहाचं फेरस लोह होतं. ते फेरीसायनाइडशी जुळून प्रशियन ब्ल्यू तयार होतो. हा रंग पाण्यात विरघळत नाही. पानाखाली सावली, म्हणून तिथलं मिश्रण धुऊन जातं आणि पांढरी आकृती उरते. दुपारच्या कडक उन्हात साधारण दहा मिनिटं पुरतात, पण आधी एका पट्टीवर अंदाज घ्या. मग पिवळसरपणा जाईपर्यंत साध्या पाण्यात धुवा.

आपल्याकडे अडचण वेगळीच आहे. टाकळा, कुर्डू, तेरडा पावसात उगवतात आणि तेव्हा ऊन नसतं! म्हणून पावसाळ्यात झाडं वर्तमानपत्रात दाबून ठेवा, कागद रोज बदला, नाहीतर बुरशी येते. छपाई ऑक्टोबरच्या उन्हात करा. शेवग्याची नाजूक पानं, नेचे, जाळी पडलेलं पिंपळपान छान उमटतात.

एक सांगतो, ठशात फुलाचा रंग किंवा पानावरची लव येत नाही. म्हणून मागे पेन्सिलने नाव, तारीख, जागा आणि रंग लिहा. पुढच्या वर्षी त्या प्लॉटवर पाया खणला गेला, तर तिथे काय उगवत होतं याचा तोच पुरावा. जोत्याआधीची ब्ल्यूप्रिंट म्हणा ना!

‘फेरीसायनाइड’ नाव ऐकून प्रश्न येतोच : विष आहे का? त्यातलं सायनाइड लोहाला घट्ट बांधलेलं असतं, त्यामुळे साध्या वापरात तसा धोका नाही. पण टॉयलेट क्लीनरसारखं आम्ल त्यात कधीच मिसळू नका, तापवू नका. विषारी वायू निघू शकतो. हातमोजे घाला, स्वयंपाकाची भांडी वापरू नका. उरलेलं मिश्रण मोरीत ओतू नका. अंबरनाथ-उल्हासनगरच्या सांडपाण्याने वालधुनी नदीचं काय झालंय, आपण पाहतोच. ते रद्दी कागदावर फासा, उन्हात निळं होऊ द्या आणि कचऱ्यात टाका. मुळात थोडंच कालवा; एका ए-फोर कागदाला तीनेक मिली पुरतं.

शेवटचं. छापलेला दुपट्टा धुण्याच्या सोड्यात किंवा ब्लीचमध्ये घातलात तर निळा रंग उडतो. गार पाणी आणि सौम्य साबण वापरा, सावलीत वाळवा. उन्हाने काढलेलं चित्र फार दिवस उन्हात टांगलं तर फिकट होतं. काही दिवस अंधारात ठेवलं की बराचसा रंग परत येतो.

आता बाहेर ऊन आहे. चला, गच्चीवर जाऊ.