मराठवाडा नेमका कुठपर्यंत?

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे तेरणाकाठची गावं जमीनदोस्त झाली. धाराशिव जिल्ह्यातलं, आजच्या लोहारा तालुक्यातलं सास्तूर त्यांपैकीच एक. महाराष्ट्रात त्या आपत्तीला किल्लारीचा भूकंप म्हणतात, बाहेरच्या जगात लातूरचा. किल्लारी आज लातूर जिल्ह्यात आहे. पण 1982 मध्ये तो जिल्हा वेगळा होईपर्यंत किल्लारी आणि सास्तूर एकाच उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यात होती. जिल्ह्याची रेघ अशी सरकते. मग प्रदेशाची रेघ कोण आखतं? कुठलं शहर मराठवाड्यात आणि कुठलं बाहेर, हे कशावरून ठरतं?

माणसांची ये-जा पाहावी, तर तुळजापूरहून सोलापूर जेमतेम 45 किलोमीटर, आणि विभागाचं मुख्यालय छत्रपती संभाजीनगर दोनशे किलोमीटरहून लांब. दवाखाना, लग्नाचा बस्ता, शेतमालाची विक्री यांसाठी या भागातली कितीतरी माणसं सोलापूरची किंवा बार्शीची वाट धरतात. तरी ही दोन्ही शहरं पश्चिम महाराष्ट्रात मोजली जातात, कारण ती इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात होती. नदीचं खोरं धरावं, तर तेही पुरत नाही. सास्तूरच्या भागातली तेरणा मांजरेला मिळून गोदावरीकडे जाते. परंडा आणि भूम मात्र सीना-भीमेच्या, म्हणजे कृष्णेच्या खोऱ्यात. धाराशिवच्या वाट्याचं पाणी कृष्णा-मराठवाडा प्रकल्पातून मागावं लागतं, ते त्यामुळेच.

मराठवाड्याची सीमा मुळात निजामाच्या राज्याने घडवली. 17 सप्टेंबर 1948 ला हैदराबाद संस्थान भारतात आलं, तेव्हा औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे मराठीभाषक जिल्हे त्यात होते. 1956 च्या राज्य पुनर्रचना कायद्याने संस्थानाची तीन राज्यांत वाटणी केली, आणि ती नुसती जिल्ह्यांवर थांबली नाही. तालुके आणि मंडळंही वेगळी काढली गेली. नांदेडमधलं भैंसा आंध्रात गेलं. आदिलाबादमधून किनवट आणि राजुरा इकडे आले.

बीदरचं प्रकरण सगळ्यात बोलकं आहे. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू अशा चारही भाषा नांदणारा हा जिल्हा राज्य पुनर्रचनेसाठीच्या फाजल अली आयोगाने तेलंगणाच्या जिल्ह्यांसोबत ठेवायला सुचवलं होतं. प्रत्यक्षात त्याचे तुकडे झाले. उदगीर, निलंगा आणि अहमदपूर तेव्हाच्या मुंबई राज्यात आले. बीदर, भालकी आणि हुमनाबाद म्हैसूरला, म्हणजे आजच्या कर्नाटकाला, गेले. भालकीवरचा महाराष्ट्राचा दावा आजही कायम आहे. एका जिल्ह्यातली ही गावं आज दोन प्रदेशांत आहेत आणि त्यांचे हक्कही वेगळे झाले आहेत. उदगीर राज्यघटनेच्या कलम 371(2) खाली येतं. भालकीला 2012 च्या 98व्या घटनादुरुस्तीने आलेलं कलम 371-जे लागू आहे. त्यात स्थानिकांना शिक्षणात आणि नोकऱ्यांत आरक्षणाची तरतूद आहे.

राजुऱ्याची कथा आणखी निराळी. 1956 मध्ये नांदेडला जोडलेला हा तालुका 1959 मध्ये चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर जिल्ह्यात गेला आणि विदर्भाचा झाला. सोबत आलेलं किनवट नांदेडमध्येच राहिलं, म्हणून ते मराठवाड्यात. इतिहास दोघांचा एकच, पण एका फेरबदलाने प्रदेश बदलला.

या रेघेवर बरंच काही अवलंबून असतं. वि. म. दांडेकर समितीने 1984 मध्ये विकासाचा अनुशेष मोजला तो याच विभागणीवर. 1994 मध्ये त्याच कलम 371(2) खाली वैधानिक विकास मंडळं आली तीही विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र अशी. 30 एप्रिल 2020 ला त्यांची मुदत संपली. कूळकायद्याचंही तेच. मराठवाड्यातल्या कुळाचा हक्क 1950 च्या हैदराबाद कायद्याने ठरतो, शेजारच्या बार्शीत 1948 च्या मुंबई कायद्याने. जमिनीचा वाद निघाला की इकडचा शेतकरी सातबाऱ्याच्या मागे जाऊन 1954-55 चं खासरा पाहणी पत्रक शोधतो. सप्टेंबर 2025 मध्ये कुणबी दाखल्यांसाठी हैदराबाद गॅझेटचा आधार सरकारने मान्य केला, तेव्हा निजामकाळाच्या नोंदी पुन्हा घरोघरी चर्चेत आल्या.

म्हणून मला ठामपणे वाटतं, की हक्काच्या प्रश्नात इतिहासाचीच सीमा धरायला हवी. निजामाच्या राज्यात राहिल्यामुळे जे मागासलेपण वाट्याला आलं, त्याची भरपाई त्या भूभागालाच मिळाली पाहिजे. ती सीमा सोयीने पुसट करणं अन्यायाचं ठरेल. पण सोयीच्या प्रश्नात ही रेघ आड येऊ नये. सास्तूरच्या रुग्णाला सोलापूर जवळ पडत असेल, तर रुग्णवाहिका, एसटी आणि रस्ता यांचं नियोजन दोन्ही जिल्ह्यांनी एकत्र बसून करावं. उदगीर जिल्ह्याची मागणी जुनीच आहे; नवे जिल्हे आखायची वेळ येईल तेव्हा नकाशा उलगडण्याआधी त्या त्या तालुक्यातल्या माणसांना विचारावं, की तुम्ही बाजाराला, दवाखान्याला आणि कॉलेजला कुठे जाता.