आपली नोंद आपण वाचावी

वेरूळचे कैलास लेणे पाहून आलेला मनुष्य कारागिरांची तोंड भरून स्तुती करतो. परंतु ते कारागीर कोण, हे त्यास सांगता येत नाही. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळी हे काम झाले. पुढे इ. स. 812 च्या सुमाराच्या बडोदे ताम्रपटात राजाचे नाव आले, स्वतःचेच काम पाहून थक्क झालेला शिल्पीही आला. पण त्या शिल्प्याचे नाव आले नाही. मग छिन्नी चालवणाऱ्यांची हजेरी कोठून असणार?

आज गोष्ट उलट झाली आहे. वाळूजच्या कारखान्यात जाणाऱ्या कामगाराची नोंद दारावरच्या अंगठ्याच्या यंत्रात, पगारपत्रकात, भविष्यनिर्वाह निधीच्या खात्यात अशी जागोजाग होते. नोंद आहे, वाचणारा मात्र दुसराच! ज्याच्या घामाचे हे आकडे, त्यालाच ते परके. ते त्याचे कसे व्हावेत, हा प्रश्न होय.

आमच्या मते उपाय साधा आहे. एक वही घ्यावी व दर महिन्यास एक पान द्यावे. त्यावर स्वतः मोजलेले हजेरीचे दिवस, पगारपत्रकातील रक्कम, आणि निधीच्या पासबुकातील कामगाराचा व मालकाचा हिस्सा शेजारी शेजारी लिहावा. खाली एकच ओळ घरची: मुलीची परीक्षा, आईचे आजारपण, जादा पाळ्या. वर्षअखेर ही वही घरच्या मंडळींसह वाचावी. जादा पाळीचा पैसा कोठे कामी आला आणि त्यापायी किती रात्री घराला मुकलो, हे तेव्हा उमगते. मालकाने हिस्सा न भरलेला महिनाही वेळीच सापडतो. कारखाना बंद पडल्यावर सापडला, तर दाद मागणे फार जड जाते.

1994 च्या डिसेंबरात राजस्थानातील कोटकिराणा येथे मजूर किसान शक्ती संघटनेने सरकारी कामांचे हजेरीपट लोकांसमोर वाचले, तेव्हा कामावर न गेलेल्यांची नावे त्यांत निघाली. अशा चळवळींतूनच 2005 चा माहिती अधिकाराचा कायदा आला. तथापि एक भेद राखला पाहिजे. सरकारी पैशाचा हिशेब चावडीवर वाचावा. माणसाच्या घरची ओळ तेथे वाचू नये. व्यक्तिगत माहितीच्या रक्षणासाठी 2023 साली वेगळा कायदा झाला, तो याच भेदापायी.

युनियनलाही हा नियम लागू आहे. आम्हांस चुकलेला आकडा हवा. आईच्या आजारपणाची ओळ ज्याची त्याच्यापाशीच राहावी. येत्या पगाराला पहिले पान भरावे, एवढीच विनंती.