दऱ्या, दर्या आणि दुरुस्ती

मुरबाड आणि शहापूर तालुक्यांतल्या वाड्यापाड्यांविषयीची टिपणे मी गेली काही वर्षे संगणकावर साठवत आहे. त्यांत ‘कातकऱ्यांच्या’ हा शब्द वारंवार येतो. एकदा तो शोधायला सांगितला, तेव्हा म्हसा, टोकावडे, सरळगाव या मुरबाडकडच्या नोंदी पुढे आल्या. डोळखांब, किन्हवली या शहापूरकडच्या नोंदींपैकी एकही आली नाही. फाईल उघडून पाहिली, तर शब्द जागच्या जागी होता. मुरबाडच्या नोंदी मी टंकलेल्या, शहापूरच्या एका मित्राने त्याच्या संगणकावर. वाचणाऱ्याला दोन्ही शब्द सारखेच दिसत होते. प्रोग्रामच्या लेखी ते दोन निराळे शब्द होते.

याचे मूळ आपल्या ‘र’मध्ये आहे. मराठीत ‘र’ पुढच्या ‘य’ला दोन तऱ्हांनी जोडला जातो. रफार दिला की ‘दर्या’, म्हणजे समुद्र; पापणीसारखी आडवी खूण दिली की ‘दऱ्या’, ज्या माळशेजच्या वाटेवर दिसतात. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतला फरकही असाच आहे. हिंदीला या पापणीची गरज पडत नाही. मराठीला आणि नेपाळीला पडते.

संगणकात जगातल्या लिप्या साठवण्याची जी युनिकोड नावाची पद्धत आहे, तिच्यात ही पापणी लिहिण्याचे दोन मार्ग आहेत. एक, खाली बिंदू असलेला ‘ऱ’ आणि हलन्त. दुसरा, साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे ‘झिरो विड्थ जॉइनर’ नावाचे, डोळ्यांना न दिसणारे चिन्ह. त्याला आपण ‘अदृश्य सांधा’ म्हणू. दुसरा मार्ग १९९६च्या युनिकोड २.०शी मेळ राहावा म्हणून कायम ठेवला गेला. दोन्ही मार्गांनी पडद्यावर एकच आकार उमटतो. आतला साठा मात्र वेगळा असतो. युनिकोडच्या नियमांप्रमाणेही ही दोन रूपे आपोआप समान ठरत नाहीत.

मी वापरतो तो प्रोग्राम मुक्तस्रोत आहे. म्हणजे त्याची आतली घडण कोणालाही पाहता येते, बदलता येते, आणि बदल मूळ प्रकल्पाकडे पाठवता येतो. त्या सुमारास त्याची नवी आवृत्ती आली होती. तिच्यात डोळ्यांना सुखावणारा काळा पडदा होता, नवी चित्रचिन्हे होती. आमची पापणी होती तिथेच होती. प्रथम राग आला. मग हे निर्णय कसे होतात ते वाचू लागलो.

मुक्तस्रोत प्रकल्पात बरीच माणसे फावल्या वेळात, आपल्या हौसेने काम करतात. नवी सोय घडवण्यात आनंद असतो, आणि ती लोकांना दिसते. दुरुस्ती चांगली झाली, तर काही घडलेच नाही असे वाटते. गावातल्या नव्या नळयोजनेला फीत असते; जुन्या नळाची गळती काढणाऱ्याला नसते.

या ओढीची किंमत जगाने २०१४मध्ये मोजली. इंटरनेटवरचा व्यवहार गुप्त ठेवणाऱ्या ‘ओपनएसएसएल’ या प्रकल्पात २०१२ साली एक छोटी सोय आली. पलीकडचा संगणक जागा आहे का हे पाहण्यासाठी एक मजकूर पाठवायचा, त्याची लांबी सांगायची आणि तोच मजकूर परत मागायचा. सांगितलेली लांबी खरी आहे का, हे तपासायचे राहून गेले. त्यामुळे खोटी लांबी सांगणाऱ्याला समोरच्या संगणकाच्या स्मृतीतला, एका वेळी ६४ किलोबाइटपर्यंतचा, भलताच मजकूर मिळू लागला. ७ एप्रिल २०१४ रोजी ‘हार्टब्लीड’ या नावाने हा दोष जाहीर झाला. असंख्य संकेतस्थळे ज्याच्यावर विसंबली होती, तो प्रकल्प पूर्ण वेळ सांभाळणारा जेमतेम एक माणूस होता.

म्हणून मोठे प्रकल्प हा तोल माणसांच्या मर्जीवर सोडत नाहीत. त्याला वेळापत्रक लावतात. लिनक्सच्या गाभ्यात नवे काम घ्यायला साधारण दोन आठवडे दार उघडते. ते बंद झाले की पुढचे सहा-सात आठवडे फक्त दुरुस्त्या होतात आणि दर आठवड्याला एक चाचणी-प्रत निघते. आपल्याकडे कौलारू घर वैशाखात शाकारतात. त्या दिवसांत नवी पडवी काढायचा विचार कोणी करत नाही, कारण पाऊस थांबणार नसतो. वेळापत्रकाने दुरुस्तीला हक्काचा हंगाम मिळतो.

तरी कोणता दोष आधी काढायचा, हा प्रश्न उरतोच. सर्वसाधारणपणे दोन गोष्टी पाहतात: दोष किती गंभीर आहे, आणि तो किती जणांना छळतो. दुसऱ्या मापात लहान भाषा मागे पडतात. मराठी बोलणारे कोट्यवधी आहेत, पण दोष कळवणारे मूठभर. ज्याची तक्रार नोंदलेली नाही, तो दोष प्रकल्पाच्या हिशेबात नसतोच. काळा पडदा मागणारे पुष्कळ होते आणि त्यांनी तो मागितला होता. पापणीविषयी आम्ही एकमेकांशी कुरकुर करण्यापलीकडे काही केले नव्हते.

मग मी तक्रार लिहिली. ‘मराठी नीट चालत नाही’ एवढेच लिहिले, तर कोणालाच काही करता येत नाही. म्हणून ‘दऱ्या’ची दोन्ही रूपे आणि ‘दर्या’ असे तीन शब्द दिले; काय टंकले, काय मिळाले, काय मिळायला हवे होते ते लिहिले; आणि प्रत्येक शब्दाचा अर्थ दिला. मराठी न येणाऱ्या माणसालाही तो दोष आपल्या यंत्रावर घडवून पाहता आला पाहिजे, एवढे पथ्य पाळले.

उत्तर आले, आणि त्यात एक रास्त शंका होती. अदृश्य चिन्हे गाळून शोध घ्यायचा, हा सुटसुटीत उपाय त्यांना सुचला होता. फसवणूक टाळण्यासाठीही पुष्कळ प्रोग्राम अशी चिन्हे गाळतात. पण सांधा गाळला की दुसऱ्या मार्गाने लिहिलेल्या ‘दऱ्या’चा थेट ‘दर्या’ होतो. शहापूरच्या डोंगरात समुद्र शिरतो! हे याआधी घडलेही आहे. इंटरनेटवरचे पत्ते देवनागरीसारख्या लिप्यांत लिहिण्याचे २००३चे नियम हा सांधा मुकाट्याने गाळत. २०१०मध्ये आलेल्या सुधारित नियमांनी हलन्तानंतरचा सांधा राखण्याची मुभा दिली. एका भाषेची साफसफाई दुसऱ्या भाषेची मोडतोड ठरू शकते. लिनक्सवाल्यांचा दंडक इथे उपयोगी पडतो: काल चालत असलेले आज बंद पाडील, ती दुरुस्ती नव्हे.

शेवटी जो उपाय ठरला, तो क्रमाचा होता. शोधताना आधी ‘र, हलन्त, सांधा’ हे रूप ‘ऱ, हलन्त’च्या बरोबरीचे धरायचे, उरलेले अदृश्य सांधे गाळायचे ते त्यानंतर. उलट क्रमाने केले तर भेद कायमचा पुसला जातो. लेखकाच्या मूळ मजकुराला हात लावायचा नाही. तुलना करण्यापुरतेच दोन्ही एक मानायचे. माझे तीन शब्द चाचणी म्हणून प्रकल्पात जोडले गेले. पुढे कोणी नवी सोय आणताना हा क्रम बिघडवला, तर ती चाचणी नापास होईल आणि बदल आत येण्याआधीच कळेल. दुरुस्ती टिकते ती अशा चाचणीमुळे.

मुक्तस्रोत सॉफ्टवेअर फुकट मिळते म्हणून आपण त्याच्याकडे धर्मादाय वस्तूसारखे पाहतो. ते सामाईक विहिरीसारखे आहे. पाणी भरणाऱ्याने तिचा कुठला चिरा ढासळला हे निदान सांगायला हवे. प्रोग्राम लिहिता येत नसला तरी ‘आचारी’ आणि ‘आचार्य’ यांतला फरक आपल्याला कळतो. दूरदेशी बसलेल्या प्रोग्रामरला नेमके तेच ठाऊक नसते.

नवी आवृत्ती आल्यावर मी पुन्हा ‘कातकऱ्यांच्या’ शोधले. मित्राने टंकलेल्या डोळखांब आणि किन्हवलीच्या नोंदी या वेळी मुरबाडच्या नोंदींशेजारी आल्या.